पुण्यात टर्बाइन जेट: बांधणी, रॉकेल, धावपट्टी आणि बाकी भानगडी

मुठाकाठचा

ईडीएफ (विजेच्या पंख्यावर उडणाऱ्या) मॉडेल जेटच्या धाग्यावर टर्बाइनचे, म्हणजे रॉकेलवर चालणाऱ्या छोट्या पण खऱ्याखुऱ्या जेट इंजिनांचे प्रश्न यायला लागले आणि मूळ चर्चा भरकटली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. सिंहगड रोडच्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत सध्या रिमोटवर उडवायचं, दोन मीटर लांबीचं स्पोर्ट जेट तयार होतंय. फ्युजलाज (धड) ग्लास-कार्बनचं तयार मिळालं, पंख आणि शेपट्या फोमवर बाल्साचं हलकं लाकूड चढवून घरी केल्या. कोरडं वजन साडेनऊ किलोच्या आत ठेवायची धडपड चालू आहे, कारण इंजिन १०० न्यूटनचं, म्हणजे जेमतेम दहा किलो रेट्याचं.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. बघायला येणारा प्रत्येक जण इंजिनाकडे बोट दाखवून "हे अवघड असेल ना?" असं विचारतो. नाही. इंजिन पेटीतून काढायचं आणि पट्ट्यांवर स्क्रूनं आवळायचं. पेटवणं, तापमानावर लक्ष ठेवणं, फेऱ्या मर्यादेत राखणं, बंद केल्यावर थंड करणं, सगळं ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक करतो. १९८३ साली इंग्लंडमध्ये पहिलं टर्बाइन मॉडेल उडालं तेव्हा असलं काही नव्हतं. पुढे कुर्ट श्रेकलिंग नावाच्या जर्मन गृहस्थांनी घरगुती अवजारांत बनेल असं इंजिन केलं, त्याचं कंप्रेसरचं (हवा दाबून आत ढकलणारं) चाक चक्क प्लायवूडचं होतं, वर कार्बन फायबरचं बांधण. ती पिढी खरी कसबी. आपण आज फक्त विकत घेतो.

माझा सगळा जीव अडकलाय तो टाकीपासून पंपापर्यंतच्या हातभर नळीत, आणि हे धूड उडवायचं कुठे या प्रश्नात.

नळीचं आधी सांगतो. मुख्य टाकी, तिथून छोटी हेडर टाकी (हवा अडवायला), मग फिल्टर, पंप, व्हॉल्व्ह आणि इंजिन. पंपाच्या पुढे दाब असतो, तिथला सांधा सैल असेल तर रॉकेल गळतं आणि लगेच दिसतं. पंपाच्या मागे ओढ असते. तिथला सांधा सैल असेल तर थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. मजल्यावर डाग नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तो बुडबुडा बर्नरपर्यंत पोचला की ज्योत विझते. नव्या काही ईसीयूंमध्ये हवेतच पुन्हा पेटवायची सोय आहे, पण तेवढी उंची आणि तेवढे सेकंद हाताशी असले तर.

म्हणून प्रत्येक सांध्यावर बारीक तार दोन वेढे देऊन पिळतो. मग टाकीकडचं टोक बुजवून दुसऱ्या टोकाला मेडिकलमधली मोठी सिरिंज लावतो, दट्ट्या ओढून धरतो आणि थोडं थांबून सोडतो. दट्ट्या सटकन मूळ जागी गेला तर सांधे घट्ट. मध्येच रेंगाळला तर तेवढी हवा कुठून तरी आत आली आहे. आमच्याकडे एका टी-जोडामुळे दट्ट्या असा रेंगाळत होता, डोळ्यांना त्यात काही दिसत नव्हतं. भिंगाखाली धरला तेव्हा काठावर केसाएवढी चीर सापडली.

फोटो उद्या टाकतो. प्रश्न विचारा.

चिकटपट्टी

भारी! वाचतोय. काका, एक प्रश्न. भंगारातून टर्बोचार्जर आणून इंजिन स्वतःच बनवलं तर? आमच्या कॉलेजात तिघे-चौघे तयार आहेत. विकतचं इंजिन आमच्या बजेटमध्ये बसत नाही.

लेथमास्तर

चिकटपट्टी, जमिनीवर बांधून, भिंतीआडून चालवायला करा, खूप शिकाल. उडवायला नको. कारण सांगतो.

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, फिरणारे भाग बॅलन्स करणं हे रोजचं काम. घरी बनवायच्या इंजिनांचा जो प्रसिद्ध आराखडा आहे, केजे-६६, त्यात ६६ मिमी व्यासाचं टर्बोचं कंप्रेसर चाक असतं. ते मिनिटाला १,१५,००० फेऱ्या घेऊ लागलं की टोकाचा वेग येतो सेकंदाला सुमारे ४०० मीटर. आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. आता त्या टोकाशी एक मिलिग्रॅम माल जास्त राहिला असं धरा. एक मिलिग्रॅम म्हणजे डोळ्यांना न दिसणारी गोष्ट. त्या वेगाला तो शाफ्टला साधारण अर्ध्या किलोच्या जोरानं बाहेर ओढतो, तेही सेकंदाला एकोणीसशे वेळा दिशा बदलत. बेअरिंग किती टिकेल ते तुम्हीच सांगा.

आणि कंप्रेसर त्यातल्या त्यात सोपा. मागचं टर्बाइनचं चाक लाल तापलेल्या वायूत तेवढ्याच फेऱ्या घेतं, म्हणून ते इन्कोनेलसारख्या निकेलच्या मिश्रधातूचं ओतीव लागतं. साध्या स्टेनलेसचं केलं तर पाती ताणून लांब होतात आणि बाहेरच्या कड्याला घासतात. बेअरिंग सिरॅमिक गोळ्यांची लागतात. हे सगळं पुण्यात मिळत नाही असं नाही, चाकण-भोसरी पट्ट्यात काय मिळत नाही! पण ते सगळं गोळा करून, बॅलन्स करून झाल्यावर विकतच्या इंजिनाची किंमत स्वस्त वाटायला लागते.

चिकटपट्टी

अर्धा किलो?? एका मिलिग्रॅमला? गणित परत करून बघितलं, बरोबर येतंय. सॉरी, विषय बंद.

मुठाकाठचा

विषय बंद कशाला, जमिनीवरचं करा ना. लेथमास्तरांकडे घेऊन जा.

सौ. शंकेखोर

मी या छंदातली नाही, घरात एक आहे. त्यामुळे बायकोच्या बाजूनं विचारते. दीड-दोन लाखांपासून पुढे इंजिन, तेवढ्याच्या आसपास बाकीचं सामान, आणि एका चुकीत सगळं मातीत. शिवाय रॉकेल. रेशनवर गरिबाला मिळेना आणि इथे खेळण्यात जाळायला लिटरच्या लिटर? राग मानू नका, पण हा प्रश्न सोसायटीच्या गच्चीवर मला लोक विचारतात.

मुठाकाठचा

राग कसला, रास्त प्रश्न आहे. रेशनचं निळं रॉकेल आम्ही वापरत नाही, ते तसं वापरणं बेकायदाच आहे. खुल्या बाजारातलं पांढरं रॉकेल घेतो, ते चांगलंच महाग पडतं. १०० न्यूटनचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साडेतीनशे ते चारशे मिली पितं. पूर्ण थ्रॉटल थोडाच वेळ असतो, तरी सात-आठ मिनिटांच्या एका उड्डाणाला दोन-अडीच लिटर धरून चाला. काही इंजिनं डिझेलवरही चालतात, पण आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत तसं लिहिलं असेल तरच. डिझेलचा वास मात्र गाडीच्या डिकीतून महिनाभर जात नाही, त्यामुळे घरची बाजू सांभाळायची असेल तर रॉकेलच बरं.

त्यात तीन ते पाच टक्के टर्बाइन ऑइल मिसळायचं. ते ज्वलनासाठी नसतं. या इंजिनाला वेगळी तेलाची टाकी नाही. इंधनाचाच एक बारीक प्रवाह पुढच्या आणि मागच्या बेअरिंगवर सोडलेला असतो, तो त्यांना वंगण देतो, थंड करतो आणि मागून निघून जातो. तेल विसरलं की बेअरिंग कोरडी. म्हणून आमच्या कॅनवर तेल ओतल्याची तारीख मार्करनं लिहिलेली असते. ती नसेल तर तो कॅन टाकीला जोडायचा नाही, कोणीही कितीही शपथा घेतल्या तरी.

मातीत जाण्याबद्दल: जातं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सौ. शंकेखोर

शेवटचं वाक्य आमच्या घरच्या माणसाला वाचून दाखवलं. तो हसला. मी नाही.

नियमावली

मुद्द्याची गोष्ट कोणी बोलत नाहीये. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम लागू झाले, त्यात आपली विमानंसुद्धा येतात. शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलं जाणारं, एकूण २५ किलोपर्यंतचं यान म्हणजे "मॉडेल", आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (यानाच्या आराखड्याला मिळणारं सरकारी प्रमाणपत्र) लागत नाही. एवढं वाचून लोक थांबतात. खरी अडचण नकाशाची आहे.

विमानतळाच्या हद्दीपासून ५ किमीपर्यंत लाल. ५ ते ८ किमी जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी. ८ ते १२ किमीमध्ये २०० फुटांपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा. त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत हिरवा. आता लोहगावभोवती ही वर्तुळं काढा. हवाई दलाचा तळ आहे तो, गंमत नाही. मग खडकवासल्याची एनडीए, देहूरोड, पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळा असं एकेक धरत जा. शहरात जेट उडवायचा विचारच सोडा. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलचा नकाशा उघडून आधी जागा बघा, मग विमान बांधा. उलट क्रमानं करणारे खूप पाहिलेत.

सामान मागवण्याचंही तसंच. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आणि त्यांचे सुटे संच आयात करायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. मॉडेल विमान कशात मोडतं हे समोरच्या टेबलावरचा माणूस ठरवतो. कागदावर वर्णन नीट लिहून घ्या.

मुठाकाठचा

+१. आमचं एक खोकं असंच बरेच दिवस अडकलं होतं, बाहेर "एअरक्राफ्ट" असा ठसठशीत शब्द छापलेला. आत नुसती चाकं आणि ती उड्डाणात आत ओढून घेणारे रिट्रॅक्ट होते.

जागा आम्ही सासवडच्या पलीकडे एका माळावर धरली आहे, मालकाच्या परवानगीनं, नकाशा बघून. मुरूम दाबून घेतला, वर बारीक खडी राहू नये म्हणून रोलर फिरवला. तरी प्रत्येक वेळी पट्टी झाडावी लागते. एक खडा आत ओढला गेला की कंप्रेसरची पाती गेली. म्हणून पुढे जाळी लावतो आणि नाकाच्या चाकामागे फडका बांधतो, उडालेले खडे पोटाखालीच अडावेत म्हणून.

पवनचक्की

मी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला ग्लायडर शिकले, इंजिनवाल्यांशी आमचं जुनं वैर आहे (हलकेच घ्या). पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. इंजिनाच्या डब्यावरचे १०० न्यूटन समुद्रसपाटीचे आणि १५ अंशांचे आहेत. पुणे ५६० मीटरवर आहे.

एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांत इथली हवा प्रमाण हवेपेक्षा सुमारे १३ टक्के विरळ असते. रेटा त्याच प्रमाणात घटतो, बहुतेक वेळा थोडा जास्तच. तुमचे १०० न्यूटन ८५ च्या आसपास आले. दुसरीकडे पंखांना तेवढंच वजन पेलायला जास्त वेग लागतो, साधारण सात टक्के. म्हणजे विमान उशिरा उठणार आणि वेगात उतरणार. उतरल्यावर लागणारं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे १५ टक्के. आता डिसेंबरची पहाट घ्या, १२ अंश. तेव्हा हवा फक्त पाच-साडेपाच टक्क्यांनी विरळ. त्याच माळावर, त्याच इंजिनानं, दोन वेगळी विमानं उडवल्यासारखं वाटेल.

पहिलं उड्डाण एप्रिलात करणार असाल तर सकाळी सातच्या आत. नाहीतर दिवाळीपर्यंत थांबा.

मुठाकाठचा

हे मी डोक्यातल्या डोक्यात धरलं होतं, आकडे मांडले नव्हते. साडेनऊ किलो कोरडं, वर दोन किलो इंधन, आणि रेटा साडेआठ किलो. उडेल, पण पट्टी संपता संपता. दिवाळीनंतरच.

डेडस्टिक

उशिरा आलो. आखातात नोकरीला होतो तेव्हा तिथे बरीच वर्षं टर्बाइन उडवली, आता बाणेरला. बांधणीबद्दल मुठाकाठचा बरोबर सांगताहेत, उडवण्याबद्दल थोडं मी सांगतो.

प्रोपेलरच्या विमानात थ्रॉटल दिला की पंखा लगेच ओढतो, शिवाय त्याचा वारा पंखांवरून जातो, त्यामुळे मंद वेगातही विमान हाताशी असतं. टर्बाइनमध्ये यातलं काहीच नाही. आयडलपासून (सर्वात मंद चालीपासून) पूर्ण फेऱ्यांपर्यंत जायला तीन-चार सेकंद लागतात आणि पहिले दोन सेकंद काहीच घडत नाही. ईसीयू मुद्दाम हळू इंधन सोडतो, नाहीतर तापमान उसळेल. उतरताना विमान कमी पडतंय असं दिसलं आणि तेव्हा थ्रॉटल दिला, तर इंजिन जागं होईपर्यंत विमान कुंपणात. इतकी वर्षं मोडलेली जेट पाहतोय, त्यातली इंजिनानं दगा दिलेली थोडी. बाकीची याच दोन सेकंदांत गेली.

उपाय साधा आहे पण सवय व्हायला वेळ जातो. फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) पूर्ण खाली, चाकं बाहेर, म्हणजे विमानाला भरपूर अडथळा. मग ते हवेत टिकवायला इंजिन आयडलच्या बरंच वर ठेवावं लागतं. तिथून आणखी रेटा मागितला तर सेकंदाच्या आत मिळतो. नवशिके नेमकं उलटं करतात. फ्लॅप अर्धे, इंजिन आयडलला, लांबून घसरत यायचं. आयडललाही थोडा रेटा असतोच, त्यामुळे विमान पट्टीवर तरंगत राहतं, थांबत नाही, आणि शेवटी घाबरून पुन्हा वर घ्यायला जातात तेव्हा ते तीन सेकंद आठवतात.

दुसरं म्हणजे अंतर. ताशी २५० किमी म्हणजे सेकंदाला सत्तर मीटर. ट्रान्समीटरच्या ट्रिमकडे (विमानाचा तोल बारीक जुळवायच्या बटणांकडे) चार सेकंद खाली पाहिलंत तर विमान पावणेतीनशे मीटर पुढे गेलेलं असतं, आणि तेवढ्या लांबून ते येतंय की जातंय ते कळत नाही. वरच्या बाजूला एक रंग आणि खालच्या बाजूला पूर्ण वेगळा, ठळक पट्ट्यांचा, असा रंगवा. चंदेरी रंग फोटोत छान दिसतो, आकाशात नाही.

चिकटपट्टी

जर्मनीत कोणी तरी ७४९ ची स्पीड नोंदवली आहे ना?

डेडस्टिक

हो, २०१७ साली बालेनश्टेटच्या विमानतळावर, नील्स हेर्ब्रिश, ताशी ७४९.२२१ किमी. गिनेसमध्ये आहे. ते यान फक्त वेगासाठी बनवलेलं. आपल्याला ४०० फुटांची मर्यादा आहे. २५० च्या वेगानं साठ मीटर त्रिज्येचा लूप (उभा गोल) मारायला गेलात तर तळाशी पंखांवर नऊ जी येतात, म्हणजे वजनाच्या नऊपट भार. इथे वेग कमी ठेवून उडवण्यातच शहाणपण आहे.

नियमावली

अनुमोदन. आणि फेलसेफ, म्हणजे रेडिओ तुटल्यावर विमानानं आपणहून काय करायचं ते? सिग्नल तुटला की थ्रॉटल आयडलला नाही, इंजिन बंद व्हायला हवं. ते उड्डाणाआधी रेडिओ बंद करून, सगळ्यांसमोर दाखवायचं.

सौ. शंकेखोर

आग लागली तर काय करता ते विचारायचं राहिलं. मार्च-एप्रिलमध्ये माळावरचं गवत म्हणजे नुसतं जळण.

डेडस्टिक

बाई, छंदातल्या नाही म्हणता आणि सगळ्यात महत्त्वाचं विचारता.

सुरू करताना पहिला धोका. ट्रान्समीटरवर स्टिक पूर्ण वर नेऊन खाली आणली की स्टार्टर घर्र करतो, ग्लो प्लग तापतो, रॉकेल सुटतं आणि "फूप" असा आवाज येतो. ईसीयूच्या पडद्यावर तापमान सरसर वर चढायला लागतं. आधीच्या फसलेल्या प्रयत्नातलं रॉकेल आत साचलं असेल तर मागून हातभर ज्वाळा निघते. अशा वेळी इंधन तोडून स्टार्टरनं नुसती हवा फिरवायची, म्हणजे ज्वाळा मागून निघून जाते. नाही विझली तर सीओटूचा सिलिंडर, पुढच्या तोंडातून. पावडरचा नको, पावडर बेअरिंगमध्ये गेली की इंजिनही गेलं. गवतासाठी मात्र पाणी आणि ओली पोती लागतात, तिथे सीओटू काही कामाचा नाही. विमान पडलं तर धावत दोघांनी जायचं, एकाकडे सिलिंडर, एकाकडे पाणी, बाकीच्यांनी मोबाइल काढत जागच्या जागी थांबायचं.

गावातली पोरं जमतात. मागे उभं राहू नये हे त्यांना सांगावं लागत नाही, झोत दिसतो. बाजूला उभं राहू नये हे सांगावं लागतं. इंजिनातलं फिरणारं चाक फुटलं तर तुकडे आडवे जातात, चाकाच्या पातळीत. आम्ही चुन्यानं रेघ मारतो, तिच्या पुढे सुरू करणारा एक आणि सिलिंडरवाला एक, बस.

सौ. शंकेखोर

चुन्याची रेघ आवडली. आमच्या घरच्याला सांगते, तिकडे तुमच्या माळावर या आणि मीच रेघेवर उभी राहीन. बघू कोण पुढे येतो.

मुठाकाठचा

या नक्की. आम्हाला असं माणूस हवंच होतं.

कामाची प्रगती: गुरुत्वमध्य काल तपासला. मुख्य टाक्या रिकाम्या, हेडर टाकी भरलेली, चाकं बाहेर, बॅटऱ्या जागेवर. नाक किंचित जड आलंय, ते चालेल. मुख्य टाकी बरोबर गुरुत्वमध्यावर बसवली आहे, त्यामुळे इंधन संपत जाईल तसा तोल बदलणार नाही. आता उरलाय टेलपाइप, म्हणजे इंजिनाचा झोत शेपटीबाहेर नेणारी नळी. दुपदरी हवा, आतला पत्रा स्टेनलेसचा, बाहेरचा अ‍ॅल्युमिनियमचा, मधून थंड हवा खेळती. बाजारातला लांबीला कमी पडतोय. लेथमास्तर, ०.२ मिमी पत्र्याचा साठ सेंटिमीटर पाइप तुमच्याकडे शिवून मिळेल का? सांधा आतून सपाट हवा.

लेथमास्तर

स्पॉट वेल्डनं होईल. इतक्या पातळ पत्र्याला टिग वेल्डिंग लावलं तर भोकं पडतील. एका कडेवर दुसरी कड पाच मिमी चढवायची. इंजिनाचा नॉझल आणि एक जुना पाइप मापाला घेऊन या, तोंडाशी घंटेसारखा पसरट आकार लागेल तो स्पिनिंगवाल्याकडून करून घेऊ. गुरुवार सोडून कधीही या, गुरुवारी आमच्याकडे वीज नसते.

चिकटपट्टी

मी पण येऊ का? टर्बो सापडलाय एक. जमिनीवरचाच.

लेथमास्तर

या. टर्बो धुऊन आणा.